साडेसतरा तासांचे गुलाब

फुलं पॅक करण्याच्या त्या शेडमध्ये तिला पुढारी म्हणून कुणी नेमलं नव्हतं. नेमणुकीची वाट बघत बसणाऱ्यांपैकी ती नव्हतीच. एकोणीस वर्षांपूर्वी कामाला लागली, तिसऱ्या दिवशी मुकादमाशी भांडली आणि चौथ्या दिवसापासून बायका तिला फौजदार म्हणू लागल्या. ठेंगणी, रुंद बांध्याची, आवाज असा की शीतगृहाचं जाडजूड दार लावलं तरी आतून ऐकू यावा. बोटांवर काट्यांचे बारीक ओरखडे. गुलाबाची दांडी हातात घेतली की फूल किती दिवस टिकणार हे ती न बघता सांगायची, आणि नवा साहेब दारातून आत आला की तो किती दिवस टिकणार हेही.

शेडमध्ये पत्र्याची दोन लांबलचक टेबलं. त्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून अकरा बायका. पहाटे तोडलेले गुलाब यायचे, पानं काढायची, दांड्या एका लांबीत कापायच्या, विसाची जुडी बांधायची, कागदात गुंडाळायची आणि पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवायची. सोबत बर्फाच्या थैल्या. जाड प्लास्टिकच्या, आत निळसर गोठलेलं पाणी. आठच्या ठोक्याला पेटीवर चिकटपट्टी बसायची आणि गाडी विमानतळाकडे निघायची.

बर्फाच्या थैल्यांचं पूर्वी कुणालाच काही ठरवून माहीत नव्हतं. एका साहेबाला वाटलं दोन, दुसऱ्याला वाटलं सहा. फुलं सुकली की मात्र दोष ठरलेला: पॅकिंगच्या बायका. फौजदारनं हे अकरा वर्षं ऐकून घेतलं. मग एके दिवशी तिनं एक पेटी भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवली आणि दर अर्ध्या तासानं तिच्यात हात घालून बघितला. असं दहा-बारा दिवस. शेवटी तिला सापडलं की एक थैली एका पेटीला दोन तास पुरते. तिनं पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, जाड निळ्या पेनानं त्याच्यावर लिहिलं आणि टेबलाच्या वर टांगला:

"पेटी उघडायची वेळ घ्या. त्यातून पेटी बंद करायची वेळ वजा करा. दोननं भागा. तेवढ्या थैल्या. कुणी शहाणपणा करू नये."

माल जायचा तो तेराशे किलोमीटरवरच्या मोठ्या शहरात. आठला बंद, दुपारी दोनला उघडली. सहा तास, तीन थैल्या. त्या पुठ्ठ्यानंतर एक पेटी सुकली नाही. तीन साहेब आले आणि गेले, पुठ्ठा जागच्या जागी राहिला. चौथी शिकलेल्या बाईच्या गणितावर एवढा धंदा चालतो, हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच. ऐकवू दे की. तिच्या जागी तुम्ही असतात तर दोनदा ऐकवलं असतं.

तर अशात नवं गिऱ्हाईक मिळालं. समुद्रापलीकडचं शहर, पार पश्चिमेला. दर मंगळवारी आणि गुरुवारी चाळीस पेट्या. नवा साहेब, वय तिशीचं, केस चापून बसवलेले, हातात कायम फोन, टेबलापाशी येऊन म्हणाला, "दहा हजार किलोमीटर. आपले गुलाब एवढ्या लांब कधी गेले नव्हते."

"त्या शहरात माझी नणंद आहे," फौजदार म्हणाली. जणू शहराची अर्धी मालकी घरातच होती.

"तिथे काय करतात?" शेजारी जुड्या बांधणाऱ्या चष्मेवालीनं विचारलं. तिला सगळं माहीत होतं, पण साहेबांपुढे ऐकायचं होतं.

"म्हाताऱ्या माणसांची देखभाल. सहा वर्षं झाली. दर रविवारी दुपारी चारला फोन करते, तिकडे तेव्हा सकाळ असते. उठल्या उठल्या पहिली आठवण वहिनीची."

"विमानाला किती वेळ लागतो हो साहेब?" चष्मेवालीनं पुढे विचारलं.

साहेबांनी माल-कचेरीचा कागद बघितला. "सुटतं अकराला. पोचतं साडेतीनला. म्हणजे साडेचार तास. उतरवून, गोदामात नेऊन पेटी साडेपाचला उघडणार." आणि मग पुठ्ठ्याकडे बघून त्यांनी बोटांवर मोजलं. "आठ ते साडेपाच, साडेनऊ तास. पाच थैल्या. बरोबर ना बाई?"

"बरोबर म्हणजे? नियमच आहे तो," फौजदार म्हणाली आणि छाती इंचभर फुगली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा बस डेपोत वेळ नोंदवायच्या कामावर होता, आता निवृत्त. त्याचं सगळं आयुष्य बस किती वाजता सुटली आणि किती वाजता आली यात गेलं. माणूस शांत. या घरात दोघंही तिच्यासारखी असती तर छप्पर उडालं असतं.

"दहा हजार किलोमीटर साडेचार तासांत?" तो म्हणाला. "काय, गाडी उडवतात की काय?"

"अहो, विमान आहे. उडवतातच."

"तसं नाही गं. जवळच्या शहराला तेराशे किलोमीटरला पावणेदोन तास लागतात ना? मग त्या हिशेबानं..."

"तुमचा डेपो सुटला, डोकं मात्र अजून फलाटावरच उभं आहे. जेवायला बसा."

तो बसला. एक प्रश्न तोंडातल्या तोंडात राहिला. नणंदही एकदा म्हणाली होती की जाताना विमानात अख्खा दिवस गेला, तीनदा खायला दिलं. पण नणंदेच्या बोलण्यातून नेहमी निम्मं वजा करायची फौजदारला सवय होती. ती बाई कोपऱ्यावरून दूध आणायला गेली तरी प्रवासवर्णन अर्धा तास पुरायचं.

पहिला माल गेला गुरुवारी. शुक्रवारी सकाळी साहेब टेबलापाशी आले, फोन पुढे धरून. पलीकडच्या गोदामातल्या माणसानं पेटी उघडून फोटो पाठवला होता. गुलाब माना टाकून पडलेले, पाकळ्यांच्या कडा तपकिरी, थैल्यांतलं पाणी कोमट. कुणी तरी मेल्यासारखं दिसत होतं.

मंगळवारी पुन्हा पाठवला. पुन्हा तोच फोटो.

"बाई, तुमच्या लोकांचे हात गरम आहेत," साहेब म्हणाले. "फुलं फार वेळ हातात धरता. गप्पा मारता."

शेडमधल्या कात्र्या थांबल्या. अकराच्या अकरा.

"काय म्हणालात?"

"मी एक शक्यता सांगतोय."

"तेच हात, तीच फुलं, त्याच गप्पा, आठ वर्षांत एक पेटी सुकली नाही! आणि आता आमचे हात तापले होय? थर्मामीटर आणा. लावा. प्रत्येकीला लावा. स्वतःपासून सुरुवात करा, डोक्याला!"

साहेब लाल होऊन केबिनमध्ये गेले. तासाभरानं मालकांची नोटीस दाराला चिकटली. भाषा गोड, अर्थ कडू: मालाची तपासणी चालू आहे, येत्या मंगळवारपर्यंत पेट्या चांगल्या पोचल्या नाहीत तर बुधवारपासून पॅकिंगचं काम ठेकेदाराकडे देण्यात येईल.

म्हणजे अकरा बायका घरी. ठेकेदाराची माणसं येणार, तीन महिन्यांनी दुसरी येणार. फौजदारनं नोटीस दोनदा वाचली. तिच्या बाजूला लांबी उभी होती, शेडमधली सगळ्यात उंच, जिचा नवरा पायानं अधू आणि घर तिच्या एकटीवर. ती कात्री एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली.

"आपल्याकडे खोट नाही," फौजदार सगळ्यांना म्हणाली. "खोट तिकडे आहे. ते लोक माल उतरवून चहा पीत बसत असणार. साडेपाचला उघडली म्हणून कागदावर लिहायचं आणि उघडायची आरामात. मी ओळखते असल्यांना."

"पण बघणार कसं? तिकडे काय जाणार आहात?" चष्मेवाली म्हणाली.

"मी नाही जात. घड्याळ जाईल."

कल्पना अशी: पेटीत गुलाबांच्या शेजारी चालू मनगटी घड्याळ ठेवायचं. तो माणूस पेटी उघडून फोटो काढतोच. फोटोत घड्याळ येणार. किती वाजता उघडली ते तेच सांगणार, आणि घड्याळाला कुणी खोटं बोलायला लावू शकत नाही. हे तिला चिकटपट्टी फाडताना सुचलं. शिकलेल्या माणसाला याच गोष्टीसाठी समिती नेमावी लागली असती.

घड्याळ नवऱ्याचं. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा डेपोच्या लोकांनी दिलेलं, सेलवर चालणारं. तो ते रोज रेडिओशी जुळवायचा. द्यायला त्याला जड गेलं.

"मागे पडलं तर?"

"तुमचं घड्याळ आणि मागे पडेल?"

"मी म्हणतोय आपटलं तर. बिघडलं तर."

"अकरा घरं बिघडण्यापेक्षा एक घड्याळ परवडलं."

त्यानं मनगटावरून काढलं, रुमालानं पुसलं आणि दिलं. गुरुवारी आठला पहिल्या पेटीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या जुडीच्या मध्ये, काच वर करून तिनं ते ठेवलं. साहेबांनाही दाखवलं. लपवाछपवी तिला जमत नसे, भांडण नेहमी तोंडावर.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. फोटोत गुलाब पुन्हा माना टाकलेले. त्यांच्या मधोमध घड्याळ, दीड वाजल्याचं दाखवत. आणि पेटीच्या झाकणावर गोदामाच्या माणसानं खडूनं लिहिलेली वेळ: साडेपाच.

"दीड?" लांबी म्हणाली. "दीडला तर विमान अजून आकाशातच असेल ना?"

"अडीच तासच झाले असतील सुटून," चष्मेवालीनं मोजलं.

साहेब हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. "बाई, तुमचा साक्षीदार वाटेतच झोपला. थंडीनं सेल बसला. दीडला बंद पडलं घड्याळ."

बाकीच्या बायकांनाही हसू आवरेना. एरवी फौजदारनं एकेकीचं नाव घेऊन समाचार घेतला असता. त्या दिवशी ती गप्प जुड्या बांधत राहिली, आणि तिला गप्प बघून हळूहळू सगळ्याच गप्प झाल्या. तिला हसण्याचा राग नव्हता. मंगळवार चार दिवसांवर होता, आणि तिच्या हातात आता काहीच नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो माणूस लग्नानंतर पहिल्यांदा चिडला.

"बंद पडलं? माझं घड्याळ? पेटीतल्या थंडीनं? थंडीच्या दिवसांत मी ते घालून डेपोत उघड्यावर उभा राहायचो. मी बंद पडेन एक वेळ, ते पडणार नाही."

आणि त्यानं स्वतः बहिणीला फोन लावला. गोदामाचा पत्ता सांगितला. "माझं घड्याळ त्या लोकांकडे आहे. जाऊन घेऊन ये. आणि चालतंय का ते बघ."

"दादा, मी इथे नोकरी करते, तुझी घड्याळं गोळा करत नाही."

"कामावर जाताना जा."

"उलट्या बाजूला आहे ते."

"मग लवकर ऊठ."

शनिवारी दुपारी चारला शेडमध्ये फौजदारचा फोन वाजला. कामाच्या वेळी फोन घ्यायचा नाही असा नियम होता, तोही तिनंच केलेला. पण नणंदेचा फोन बघून तिनं घेतला.

"वहिनी! मिळालं गं घड्याळ. तो गोदामवाला भला माणूस निघाला. उंच, दाढीवाला. मला म्हणतो, या घड्याळामागची गोष्ट काय? मी म्हटलं, गोष्ट म्हणजे माझी वहिनी. आणि ऐक, त्यांच्याकडे इतकी थंडी आहे की मी दोन मोजे..."

"अगं वन्सं, घड्याळाचं सांग. कामावर आहे मी."

"ठणठणीत चालतंय! सेकंदकाटा टकटक फिरतोय माझ्यासमोर."

"चालतंय?" ती उभी होती ती टेबलाला टेकली. "मग किती वाजलेत त्यात?"

"चार."

"आणि तुझ्याकडे?"

"आठ. सकाळचे. कामाला उशीर होणार मला आज, आणि ती म्हातारी..."

"थांब. माझ्याकडे किती वाजलेत माहीत आहे?"

"चार वाजले असतील. नेहमी चारच वाजतात तुझ्याकडे, मी तुला फोन करते तेव्हा."

फौजदारनं शेडच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार. तिच्या हातात एक दांडी होती, ती तिनं खाली ठेवली.

नणंदेला ती दर रविवारी चारला बोलायची, आणि तिकडे सकाळ असते हे तिला सहा वर्षं पाठ होतं. फोनचं घड्याळ वेगळं आणि फुलांचं घड्याळ वेगळं, असं तिच्या डोक्यात दोन खोल्यांत ठेवलं होतं. मधलं दार तिनं कधी उघडलंच नव्हतं.

"वन्सं, तू गेलीस तेव्हा विमानात किती तास होतीस? वाढवून सांगू नको. खरं सांग."

"वाढवून मी कधी सांगते? साडेबारा. तीनदा खायला दिलं, दोनदा झोपून उठले, शेजारचा माणूस घोरून घोरून थकला, तरी खाली समुद्रच. आणि उतरल्यावर बघते तर भिंतीवर दुपार! मी दुपारी पोचले म्हणून घरात सगळ्यांना वाटलं, किती लवकर पोचली. विमान सूर्याच्या मागे मागे पळतं ना, दिवस संपतच नाही."

फोन ठेवल्यावर फौजदारनं बोटांवर मोजलं. सकाळी आठला पेटी बंद. तिकडे साडेपाच वाजले तेव्हा घड्याळात दीड. म्हणजे इथे रात्रीचा दीड. आठ ते आठ बारा, वर साडेपाच. साडेसतरा तास. साडेसतरा तासांच्या प्रवासाला साडेनऊ तासांचा बर्फ.

मग तिचं डोकं फिरलं. तिचं डोकं फिरलं की पावलांचा आवाज वेगळा येतो, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ती केबिनचं दार न वाजवता आत शिरली.

"घड्याळ बंद पडलं नव्हतं! तिकडची वेळ आपल्यापेक्षा आठ तास मागे आहे! विमानाला साडेचार नाही, साडेबारा तास लागतात! तुमच्या कागदावर सुटायची वेळ इथली आणि पोचायची तिथली! दोन गावांची दोन घड्याळं आणि सरळ वजाबाकी! कुठल्या अकलेच्या कांद्यानं हा हिशेब केला?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग फोनवर काही तरी बडवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी नुसतं बोट वर केलं, केबिनच्या काचेतून पलीकडे, टेबलाच्या वर.

पुठ्ठा. जाड निळं पेन. "पेटी उघडायची वेळ घ्या. त्यातून पेटी बंद करायची वेळ वजा करा." आणि खाली, अक्षर जरा मोठं काढून: "कुणी शहाणपणा करू नये."

फौजदारनं तो पुठ्ठा आठ वर्षांत पहिल्यांदा वाचला. स्वतः लिहिलेलं माणूस वाचत नसतो. जवळच्या शहरात तिथलं आणि इथलं घड्याळ एकच, म्हणून नियम बरोबर होता. दहा हजार किलोमीटरला तो आंधळा होता. आणि तो आंधळा नियम तिनं साहेबांच्या तोंडावर 'नियमच आहे तो' म्हणून मारला होता.

"मलाही बघायला हवं होतं," साहेब हळूच म्हणाले. "शाळेत भूगोलात शिकलो होतो. डोक्यातच आलं नाही. पुठ्ठा दिसला आणि..."

"माझी शाळा चौथीत सुटली," ती म्हणाली. "तुमचं निमित्त काय?"

पण आवाजात धार नव्हती. ती वळली आणि दाराशी थांबली. केबिनमधलं केबिनमध्ये ठेवता आलं असतं. साहेबांनाही ते चाललं असतं, मालकांना सांगायला दोघांनी मिळून काही तरी बरं कारण शोधलं असतं. पण लांबी बाहेर उभी होती. चार दिवस ती स्वतःचे हात पुन्हा पुन्हा थंड पाण्यात बुडवत होती, फुलांना हात लावायच्या आधी. फौजदारनं ते बघितलं होतं.

ती टेबलापाशी गेली आणि पत्र्यावर कात्री आपटली.

"ऐका गं. चूक माझी आहे."

दहा माना एकदम वर झाल्या.

"फौजदार, पुन्हा म्हणा," चष्मेवाली म्हणाली. "मी फोनवर रेकॉर्ड करते."

"एकदाच मिळतं. संपलं." मग तिनं सगळं सांगितलं, दोन गावांची दोन घड्याळं, साडेसतरा तास, पाच थैल्या आणि लागणार होत्या नऊ. "तुमचे हात गरम नव्हते. कुणाचेच नव्हते. माझा पुठ्ठा चुकला. लांबी, हात पुस आता, भेगा पडतील."

लांबी हसली, मग तिनं तोंड वळवलं आणि पदरानं हात पुसता पुसता डोळेही पुसून घेतले. बाकीच्यांना एकाच गोष्टीत रस होता.

"म्हणजे तिकडे जाताना आठ तास वाचतात?" एकीनं विचारलं. "वय कमी होत असेल मग!"

"होतं. येताना परत घेतात."

घरी गेल्यावर नवऱ्यानं टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढली. त्यावर डेपोच्या पद्धतीनं मांडलेलं: अंतर, वेग, वेळ. तेराच्या पुढे, चौदाच्या आत. दहा दिवसांपूर्वीची तारीख.

"सांगितलं का नाही?"

"सांगत होतो. तू म्हणालीस उडवतातच."

तिनं चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा वाढलं. माफी मागायची तिची पद्धत एवढीच.

मंगळवारी सकाळी सहाला नवी पंचाईत. नऊ थैल्या पेटीत बसेनात. पाच तळाशी जायच्या, वर जुड्या. सहावी घातली की झाकण फुगायचं. साहेब म्हणाले, जुड्या कमी करू. फौजदार म्हणाली, गिऱ्हाईकानं फुलं मागितलीत, बर्फ नाही. तिनं एक पेटी रिकामी केली आणि जमिनीवर बसून पुन्हा भरायला घेतली. पाच तळाला. चार उभ्या, दोन्ही लांब बाजूंना दोन दोन. मग पुठ्ठा आणि थैली यांच्यात जुन्या वर्तमानपत्राची घडी, म्हणजे बाहेरची ऊन हवा आत येणार नाही. फुलांचा चेहरा बर्फाला लागला तर काळा पडतो, म्हणून जुड्या उलटसुलट ठेवल्या, एकीची डोकी इकडे, दुसरीची तिकडे, मधल्या जागेत दांड्या एकमेकींत अडकवून. झाकण बसलं. एक बोट जागा उरली.

"चाळीस पेट्या, दोन तास," ती उठताना म्हणाली, एका हातानं गुडघा धरून. "बघत काय बसलात?"

अकरा बायकांनी चाळीस पेट्या केल्या. शेवटच्या सहा पेट्यांना साहेबांनीही हात लावला, बाह्या वर करून, आणि चष्मेवालीनं त्यांच्या जुड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. "साहेब, हात गरम आहेत तुमचे," ती म्हणाली. साहेब सुद्धा हसले. आठला चिकटपट्टी बसली.

बुधवारी सकाळी सात वाजता शेडमध्ये सगळ्या हजर होत्या, कामाला कुणाचा हात लागत नव्हता. साहेब आत आले ते फोन छातीशी धरून. आणि मग त्यांनी तो फौजदारच्या हातात दिला.

पेटी उघडी. गुलाब जुडीत ताठ, कळ्या घट्ट, पानांवर बर्फाच्या वाफेचे थेंब. दोन थैल्या अजून अर्ध्या गोठलेल्या. खाली त्या दाढीवाल्या माणसानं एक ओळ लिहिली होती, साहेबांनी वाचून दाखवली: हे पेटीत होते तसे नाही, बागेत होते तसे दिसतात.

टेबलांवर जो आरडाओरडा झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. चष्मेवालीनं फौजदारला मिठी मारली, तिच्या हातातली कात्री दोघींच्या मध्ये आली, थोडक्यात बचावल्या.

दहाला मालक आले. गाडीतून उतरले, फोटो बघितला, खुशीत मान हलवली आणि दाराजवळ जाऊन नोटीस फाडायला हात घातला.

"फाडू नका," फौजदार म्हणाली.

मालक थबकले. "का बाई? मिटलं ना?"

"मिटलं असं तुम्ही म्हणता. उद्या दुसरी पेटी सुकेल, कारण काहीही असेल, आणि पुन्हा आमचे हात गरम होतील. त्याच कागदाखाली लिहा: बायकांच्या कामात खोट नव्हती, वेळेचा हिशेब चुकला होता, पॅकिंग आमच्याचकडे राहील. सही करा. तारीख घाला."

"हिशेब कुणाचा चुकला ते पण लिहू?" मालकांनी मिश्कीलपणे विचारलं. साहेबांनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"लिहा. अर्धा माझा, अर्धा साहेबांचा. मी माझी चूक सगळ्यांसमोर बोलले आहे. कागदाची मला भीती नाही."

साहेबांनी मान डोलावली. मालकांनी जरा वेळ तिच्याकडे बघितलं. मग खिशातून पेन काढलं, दारालाच कागद टेकवून लिहिलं, सही केली, तारीख घातली. फौजदारनं पूर्ण वाचलं, एका शब्दावर बोट ठेवून 'राहील' च्या पुढे 'कायम' घालून घेतलं आणि मगच कागद सोडला.

"याची एक प्रत मला द्या," ती म्हणाली.

"मला पण," लांबी म्हणाली. तिनं काही मागितल्याचं शेडमध्ये कुणाला आठवत नव्हतं.

मग चष्मेवालीलाही हवी होती, आणि तिच्यामागे सगळ्यांनाच. केबिनबाहेर अकरा बायकांची रांग लागली. साहेब यंत्राशी उभे राहून एकेक प्रत काढत होते. आठवी काढताना कागद संपला. त्यांनी खाली वाकून कपाटातून नवा गठ्ठा काढला, फोडला आणि भरला.

"पुढची कोण?" त्यांनी विचारलं.